हुशार माणसं जमूनही गट हुशार का होत नाही?

उत्तरेश्वर_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात वादाला विषय कधी कमी पडला नाही. हद्दवाढ, थेट पाईपलाईन, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, रंकाळ्याचं पाणी, शाहू स्टेडियमवरचा गोल ऑफसाईड होता की नव्हता. गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात घेऊन सुरू झालेलं बोलणं ग्लास रिकामा झाल्यावरही तासभर चालतं, आणि मला ते मनापासून आवडतं. गप्प बसणाऱ्या गावाचं कधी भलं होत नाही.

मला बोलायचंय ते जरा वेगळ्या गोष्टीवर. पेठेचा असो, सोसायटीचा असो की वाचकांचा, प्रत्येक ग्रुपवर एक तरी माणूस असा असतो, की वाचन दांडगं, स्मरणशक्ती तल्लख आणि मुद्दा बहुतेक वेळा बरोबर. तो शिव्या देत नाही, खोटं लिहीत नाही, नियम मोडत नाही. फक्त कुणीही काहीही लिहिलं की त्याची दुरुस्ती तयार असते. मग हळूहळू बाकीचे लिहायचे थांबतात. हा माणूस वाईट असतो असं मला अजिबात वाटत नाही. उलट ग्रुपचं सगळ्यात मोठं भांडवल तोच असतो. ते भांडवल वाया जातं, याचं वाईट वाटतं.

ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि नदी पंचावन्नच्या वर गेली होती. पाणी चढत होतं तेव्हा आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "धरणाचे दरवाजे लोकांना न सांगता रात्रीत उघडले." लगेच दुसऱ्यानं उत्तर दिलं, की राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी पडतं. शंभर टक्के बरोबर. मग पहिल्यानं अलमट्टी काढली. दुसऱ्यानं क्युसेकचा टीएमसीशी हिशेब मांडला: 11,574 क्युसेक चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. तेही बरोबर. दोघंही हुशार, दोघंही अभ्यासू.

आणि या सगळ्याच्या मधोमध शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या एका काकूंचा मेसेज होता. "पाणी कुठवर आलंय? मूर्ती वर हलवाव्या लागतील काय? सांगा की कुणीतरी."

गणपती महिन्याभरावर आले होते. खाली रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या. त्यांचा मेसेज बघता बघता वर सरकून गेला. बऱ्याच वेळानं, ग्रुपवर एरवी एक शब्द न लिहिणाऱ्या एका पोरानं लिहिलं, "व्हीनस कॉर्नरला गुडघाभर हाय. आत्ताच्या आत्ता हलवा काकू, दोघांना पाठवतो."

मला अजून सलतं ते हे, की काकूंच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर त्या क्युसेकवाल्या गृहस्थांच्याच डोक्यात होतं. दरवाजे उघडले, आता ते पाणी काही तासांत शहराला लागणार, हे तिथं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. ज्ञान होतं, प्रश्नही समोर होता. पण त्यांची नजर प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या ओळीवर खिळलेली होती.

हे का होतं, ते शोधताना दोन-तीन गोष्टी वाचनात आल्या. ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर या अभ्यासकांनी 2011 मध्ये मांडलं, की माणसाची तर्कबुद्धी एकट्यानं बसून सत्य शोधण्यासाठी घडलेलीच नाही. दुसऱ्याला पटवणं आणि दुसऱ्याचं म्हणणं पारखून घेणं, यासाठी ती घडली. म्हणून स्वतःच्या बाजूची कारणं आपल्याला झरझर सुचतात आणि त्यातल्या चुका दिसत नाहीत. दुसऱ्याच्या चुका मात्र लगेच दिसतात. हार्वर्डच्या डेव्हिड पर्किन्स यांच्या अभ्यासात दिसलं, की बुद्ध्यंक जास्त असलेल्यांना आपल्या बाजूचे मुद्दे जास्त सुचतात, पण विरुद्ध बाजूचे मुद्दे मात्र जास्त सुचत नाहीत. म्हणजे बुद्धी वाढली की वकील तगडा होतो, न्यायाधीश होता तेवढाच राहतो.

पण याच सिद्धांताची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. पीटर वेसनचं 1966 सालचं एक कोडं आहे. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. आपल्याला दिसतात अ, क, 4 आणि 7. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर मागे सम आकडा असतो. नियम खरा की खोटा, हे तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण म्हणतात अ आणि 4. बरोबर उत्तर अ आणि 7, कारण 7 च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला. 4 च्या मागे काहीही निघालं तरी बिघडत नाही. एकेकट्याला सोडवायला दिलं तर दहातल्या एखाद्यालाच जमतं. मोशमन आणि गाइल यांनी 1998 मध्ये पाच-सहा जणांच्या गटांना तेच दिलं, तर तीन चतुर्थांश गटांना जमलं. काही गटांत तर सुरुवातीला बरोबर उत्तर एकालाही आलेलं नव्हतं. बोलता बोलता, एकमेकांना अडवत अडवत ते तिथवर पोचले.

म्हणून वाद नकोत असं मी म्हणतच नाही. वाद हवाच. पण ज्या वादानंतर बाकीचे बोलायचे थांबतात, त्या वादानं हा सगळा फायदा घालवलेला असतो. पाच डोक्यांचा गट परत एका डोक्यावर येतो, मग ते डोकं कितीही हुशार असो.

तुमच्याकडे काय अनुभव? अशा माणसाला न दुखावता, न घालवता कसं सामावून घ्यायचं?

---

पम्या_कळंबेकर

भावा, लई नेमकं लिवलंस. तालमीत बघ, वस्ताद मोठ्या पैलवानाला बारक्या पोरासंगं मातीत सरावाला उतरवतो. त्यानं मनात आणलं तर पोराला एका ढाकेत अस्मान दाखवील. पण तो वजन टाकत न्हाई, पोराला डाव लावून देतो, कुठं चुकलं ते अंगानं दाखवतो. ज्याला हे जमत न्हाई त्याला वस्ताद पोरांत सोडतच न्हाई. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरशील तेव्हा सगळी ताकद लाव की, कोण अडवतंय. पण तालमीत आपली पोरं असतात.

---

वाचते_निवांत

धागा आवडला, काकूंचा मेसेज वाचून वाईटही वाटलं. तरी मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, आणि ती सांगायला हेच गाव योग्य आहे.

"सतत वाद घालतो", "वातावरण बिघडवतो", "जरा सौम्य शब्दांत सांगा" ही वाक्यं नेहमी कुणाला ऐकवली जातात ते बघा. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला तेव्हा, छत्रपती शाहू महाराजांसारख्या राजालासुद्धा हेच ऐकवलं गेलं, की कशाला वाढवता, जुनी रीत आहे, चालू द्या. त्यांनी चालू दिलं नाही. त्याच काळात, 26 जुलै 1902 ला, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम निघाला. त्यावरही गदारोळ झालाच. तेव्हा समंजसपणाचा अर्थ 'कुणाला टोचेल असं बोलू नका' असा घेतला असता, तर आज माझ्यासारखी बाई इथं चार ओळी लिहायला नसती.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हुंड्याच्या 'मानपाना'वर मी दर लग्नात बोलते. दर वेळी. मला तिथं भांडकुदळ म्हणतात. त्या सगळ्यांच्या लेखी मीच तुमच्या धाग्यातला तो माणूस आहे. मग मी थांबावं का?

---

सागरमाळ_४१६००८

ताई, अजिबात थांबू नका.

---

विद्यापीठ_रोड

माझा रोजचा विषय याच्या जवळचा आहे, म्हणून थोडी भर घालतो.

अनिता वूली आणि सहकाऱ्यांचा 2010 चा, 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास. 699 माणसं, दोन ते पाच जणांचे गट, आणि प्रत्येक गटाला कोडी, नियोजन, वाटाघाटी अशी वेगवेगळी कामं. एका कामात चांगला ठरलेला गट दुसऱ्या कामांतही चांगला ठरत होता, म्हणजे गटालाही स्वतःची अशी बुद्धी असते. ती कशावर अवलंबून? गटातल्या सर्वांत हुशार माणसाच्या बुद्धीशी किंवा सगळ्यांच्या सरासरी बुद्धीशी तिचा संबंध फारसा घट्ट नव्हता. संबंध दिसला तो दोन गोष्टींशी. बोलण्याची पाळी सगळ्यांत कितपत सारखी वाटली गेली, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे सभासदांना कितपत ओळखता येतं. बायका जास्त असलेले गटही पुढे होते, आणि त्याचं बरंचसं कारण या दुसऱ्या गुणातच होतं.

यानंतर 2014 मध्ये त्याच मंडळींनी निम्मे गट समोरासमोर बसवले आणि निम्म्यांना फक्त लिहून बोलायला लावलं. लिहिणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसतच नव्हते. तरीही मन ओळखणारी माणसं ज्या गटात जास्त, तेच गट सरस निघाले. ओळींच्या मधलं वाचता येणं हे कौशल्य पडद्यावरही चालतं. काकूंच्या मेसेजमधला "सांगा की कुणीतरी" हा स्वर ओळखणं, म्हणजे तेच.

---

सांख्यिकीवाला

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो. बेट्स आणि गुप्ता यांनी 2017 मध्ये हेच पुन्हा तपासलं, तेव्हा गटाच्या यशाचा मोठा वाटा सभासदांच्या स्वतःच्या बुद्धिमत्तेनंच उलगडतो असं त्यांना आढळलं. पाळी वाटून घेणं वगैरेचा प्रभाव त्यांना दिसला नाही. तेव्हा "हुशारी गौण, वागणं महत्त्वाचं" असा निष्कर्ष एका अभ्यासावरून काढू नये असं वाटतं. हुशार माणसं गटाला लागतातच.

---

विद्यापीठ_रोड

बरं झालं हे आणलंत, तो वाद खरा आहे. त्यानंतर 2021 मध्ये 22 अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, हजाराहून जास्त गट, पाच हजारांहून जास्त माणसं. त्यात एकेकट्याच्या कौशल्यापेक्षा गट मिळून काम कसा करतो, याचं वजन जास्त निघालं. मात्र एकेकट्याचं कौशल्य शून्य झालं असं त्यातही नाही. हुशार माणसं लागतात हे तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. धागाकर्त्यांचा प्रश्नही त्यांना गमवायचं कसं नाही, हाच आहे.

---

निवृत्त_मास्तर

वरच्या दोघांची ही देवाणघेवाण वाचून समाधान वाटलं. असं बोलता येतं, हे पोरांना दाखवायला हवं.

आपल्याकडे याचा विचार फार जुना आहे. न्यायदर्शनात वादाचे प्रकार उद्देशावरून पाडलेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही चालतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं ही वितंडा. चरकसंहितेत, विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, वैद्यांनी वैद्यांशी चर्चा कशी करावी हे सांगितलंय. एक चर्चा मैत्रीची, दुसरी विरोधाची. मैत्रीच्या चर्चेचे नियम बघा: निर्धास्तपणे विचारा, निर्धास्तपणे सांगा, हरण्याच्या भीतीनं अस्वस्थ होऊ नका, समोरच्याला निरुत्तर केलंत तर हरखून जाऊ नका आणि ते चारचौघांत मिरवू नका.

हे वैद्यांना सांगावं लागलं याला कारण आहे. दोन वैद्य कितीही भांडोत, खाटेवर तिसराच कुणीतरी असतो. तुमच्या त्या दोघांच्या क्युसेकच्या वादात काकू खाटेवर होत्या.

---

उत्तरेश्वर_काठ (धागाकर्ता)

मास्तर, तुमचं शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

वाचते_निवांत ताई, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. तुम्ही थांबू नये असंच माझं मत आहे. किती वेळा बोललात यावरून मी माणसाला मोजणार नाही. हुंड्यावर तुम्ही बोलता तेव्हा, जिला त्या लग्नात बोलता येत नाही अशा मुलीची बाजू ग्रुपवर येते. म्हणजे तुमच्या बोलण्यानं बोलणाऱ्यांची संख्या वाढते, उद्या कदाचित ती मुलगीही बोलेल. मी ज्याच्याबद्दल लिहितोय त्याच्या बोलण्यानं ती घटते. दोघांचाही आवाज चढलेला असेल, दोघंही सारखेच चिवट असतील, लांबून बघणाऱ्याला दोघंही भांडकुदळ वाटतील. पण एकाच्या मागे दहा जण बोलू लागतात आणि दुसऱ्याच्या मागे दहा जण गप्प होतात.

म्हणूनच 'सौम्य बोला' हा नियम मला पुरेसा वाटत नाही. अतिशय गोड भाषेत, 'आदरपूर्वक' म्हणत म्हणत माणसं गारद करणारे मी बघितलेत.

---

वाचते_निवांत

हे पटलं. एक भर घालते. गंगाराम कांबळे यांची गोष्ट इथं सगळ्यांना ठाऊक असेल. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा शिवाशिवीमुळं तिथं कुणी जाईना, तर शाहू महाराज स्वतः तिथं जाऊन चहा पिऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. अस्पृश्यतेवर ते भरपूर बोललेच, हुकूमही काढले. पण त्या हॉटेलसमोर कुणालाही निरुत्तर करायची त्यांना गरज पडली नाही. माझ्या ग्रुपवर मी बोलत राहीनच. पण त्याबरोबर त्या मुलीला वेगळा फोन करायला हवा, हे मला हा धागा वाचताना सुचलं.

---

रुईकर_कॉलनी

सगळं ठीक, पण चुकीचं चाललं असेल तर? पुराच्या दिवसांत "धरण फुटलं" म्हणून फॉरवर्ड येतात. तिथं पण सगळ्यांना बोलू द्यायचं का? त्या क्युसेकवाल्यांनी अफवा खोडली नसती तर लोक घाबरून रस्त्यावर आले असते.

---

उत्तरेश्वर_काठ (धागाकर्ता)

खोडायचीच, आणि ताबडतोब. दरवाजे कसे उघडतात ही त्यांची पहिली पोस्ट ग्रुपला हवीच होती, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. माझा आक्षेप त्यानंतरच्या पोस्टींवर आहे. अफवा मेली होती, वाचणाऱ्यांना खरं कळलं होतं. त्यापुढचं सगळं एका माणसाला हार कबूल करायला लावण्यासाठी होतं, आणि ती तो करणार नव्हताच. चारचौघांत कोण करतं?

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मी आमच्या सोसायटीचा ग्रुप चालवते, म्हणून मूळ प्रश्नावर लिहिते. सामावून कसं घ्यायचं?

आमच्याकडे असेच एक काका आहेत. निवृत्त, कायदा तोंडपाठ, सोसायटीचे उपविधी तर कलमासकट. कुणी पार्किंगवर बोललं, कलम. गच्चीवर पापड वाळत घातले, कलम. नव्यानं राहायला आलेल्या एका मुलीनं पाण्याची वेळ विचारली, तर तिला आधी उत्तर मिळालं की असा प्रश्न कुठल्या नमुन्यात विचारायचा असतो. त्या दिवसानंतर तिनं ग्रुपवर काही विचारलं नाही, थेट मला विचारायला लागली. तिच्यासारख्या आणखी चौघीजणी. माझा फोन म्हणजे दुसरा ग्रुप झाला होता.

लोक म्हणाले, काढून टाका त्यांना. मला ते बरोबर वाटलं नाही. लिफ्टच्या ठेकेदाराचं जास्तीचं बिल त्यांनीच पकडून दिलं होतं.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. चारचौघांत सांगितलेलं कुणाला लागत नाही? संध्याकाळी फोन केला. म्हटलं, काका, तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि म्हणूनच बायका तुम्हाला विचारायला घाबरतात. त्या मुलीचं नाव न घेता पाण्याचा प्रसंग सांगितला. आणि एकच मागणं केलं: ग्रुपवर कुणी प्रश्न विचारला की तुमच्या पोस्टमध्ये आधी त्या प्रश्नाचं उत्तर येऊ दे, कलम त्याच्या खाली.

---

पम्या_कळंबेकर

मग? चिडलं असतील की काका.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

चिडले. "म्हणजे मी बोलूच नको का?" म्हणाले आणि फोन ठेवला. काही दिवस ग्रुपवर त्यांचं एक अक्षर नाही, आणि मला धाकधूक, की माणूस गेला आपल्या हातून. रोज जिन्यात भेटले की मी आपली "काका, जेवण झालं का" म्हणून विचारायची. नुसती मान हलवायचे.

मग तळमजल्यावरच्या आजींनी ग्रुपवर विचारलं, की वारसाचं नाव लावायचं राहिलंय, काय करावं. कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी लिहिलं, "वहिनी, घाबरण्यासारखं काही नाही. तीन कागद लागतील, मी खाली येऊन भरून देतो." खाली कलम होतंच, तेही हवं होतं. आणि त्याच दिवशी त्या नव्या मुलीनं, पहिल्यांदाच परत ग्रुपवर, त्यांनाच उद्देशून विचारलं, "काका, भाडेकरूंना पण असं काही करावं लागतं का?"

अजूनही पार्किंगवर त्यांचं आणि दुसऱ्या मजल्याचं जुंपतंच. जुंपू दे, पार्किंगचं खरंच काही ठरलेलं नाहीये.